इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक हवेतच का?

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे याने 50 मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. स्वप्नील मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा. पण नेमबाजीचे धडे त्याने आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. त्यामुळे आमच्या वणीकडील एनसीसीची मुलेही आता नेमबाजीविषयी हौसेने विचारतात. त्यांतला एक प्रश्न वारंवार येतो : "सर, ते इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक घ्यावेत का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी बंदुकीचा बार म्हणजे काय ते पाहू. स्वप्नीलची रायफल .22 बोअरची, आणि एनसीसीचे छात्र ज्या रायफलीवर सराव करतात तीही बहुधा .22 चीच. तिचा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानाशी सुमारे 140 डेसिबेलच्या घरात जातो. मोठ्या लष्करी रायफलींचा 150 ते 165 डेसिबेल. डेसिबेल ही मोजपट्टी गुणाकाराची आहे, हे विसरू नका. दर 20 डेसिबेलला हवेतील दाबाचा चढउतार दहापट होतो. आपल्याला जेमतेम ऐकू येणारा आवाज 20 मायक्रोपास्कल दाबाचा धरतात; 140 डेसिबेल म्हणजे त्याच्या एक कोटी पट, 200 पास्कल!

निसर्गाने कानाला काही संरक्षण दिलेले नाही काय? दिले आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातील एक चिमुकला स्नायू आखडतो आणि रिकिबीच्या आकाराचे हाड ताणून धरतो, त्यामुळे आत जाणारा आवाज थोडा कमी होतो. पण स्नायू आखडायला काही दशक मिलिसेकंद लागतात आणि बाराचा मुख्य तडाखा एक-दोन मिलिसेकंदांत संपलेला असतो. चोर पळून गेल्यावर दाराला कडी लावण्यासारखेच हे! तडाखा थेट आतल्या कानातील शंखाकृती नळीत पोचतो. तेथे प्रत्येक कानात सुमारे 15 हजार केसाळ संवेदनपेशी असतात. पक्ष्यांच्या कानांत अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. 'स' आणि 'श' यांची गल्लत होऊ लागते, आणि हे बरीच वर्षे ध्यानातही येत नाही.

आता त्या इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे वळू. त्याच्या वाट्यांवर बाहेरून लहान ध्वनिग्राहक आणि आतून लहान ध्वनिक्षेपक असतो. बोलण्याचा आवाज तो आत पोचवतो, हवा तर वाढवूनही. बार झाला की आतला आवाज साधारण 82 ते 85 डेसिबेलच्या वर जाऊ देत नाही. जुन्या वा स्वस्त यंत्रांत अशा वेळी क्षणभर सगळेच बंद पडते. चांगल्यांत आवाज फक्त दाबला जातो, त्यामुळे पंचांचा हुकूम मध्येच तुटत नाही. युक्ती छानच आहे. पण बार अडवला कोणी? वाटीच्या प्लास्टिकने, आतल्या स्पंजाने आणि कानाभोवती घट्ट बसलेल्या गादीने. विद्युत घट संपला तरी वाटी आपले काम करतच असते. वाटी ढिली असेल, तर उत्तमातले उत्तम मंडल बसवूनही काही उपयोग नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की छात्राने इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या मागे लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली क्षणिक आवाजाची मर्यादा मोठ्या माणसांसाठी 140 डेसिबेल सुचवली आणि मुलांसाठी 120. म्हणजे तुम्हाला निदान 20 डेसिबेलची घट हवी, आणि ती प्रत्यक्षात हवी. वेष्टनावरचा 'एनआरआर' हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. वापरात घट त्याहून कमी मिळते. साध्या जाड वाट्यांचा आकडा 30 च्या आसपास असतो, तर इलेक्ट्रॉनिकचा बहुधा 22 ते 25. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार आवाज ग्रहण करणारे यंत्र बसवलेले कर्णरक्षक स्पर्धकाला चालत नाहीत. मग सरावात त्याची सवय कशाला लावून घ्यायची? ते खरे उपयोगी पडते शिक्षकाला. दिवसभर बार ऐकत त्याला मुलांशी बोलायचे असते, आणि म्हणून तो कान उघडे ठेवतो. शाळेने एकच इलेक्ट्रॉनिक संच घ्यायचा ठरवला, तर तो त्याला द्यावा.

छात्रांसाठी साधे कर्णरक्षक सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सुरक्षासाहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळावेत. फोमचे बोळे तर त्याहून पुष्कळ स्वस्त. मात्र कापसाचे बोळे अजिबात नकोत. त्यांतून हवा खेळते, आणि हवा जाते तेथे आवाजही जातो. शिक्षकांना विनंती, की गोळ्या मोजून देता तसे कर्णरक्षकही मोजून द्या. ज्याला मिळाला नाही, त्याला त्या दिवशी झोपून नेम धरायला लावू नका. त्याने हट्ट धरला तरीही! आणि पाळीची वाट पाहत मागे उभ्या असलेल्या मुलांचे कानही कानच आहेत.

बोळा घालण्याची रीत अशी : तो बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा कामाचा नाही. बोळा आणि वर वाटी असे दोन्ही घातले, तर दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. साधारण 5 डेसिबेलच वाढतात, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनच आत येतो. तरीही बंदिस्त रेंजवर, जेथे भिंती बार परत फेकतात, तेथे ते 5 डेसिबेल सोडू नयेत.

रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला, की जाड वाटी त्याला आपटून उचलली जाते. तेव्हा कर्णरक्षक घेताना मान तशी वाकवून पाहा. चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक करावे. वाट्या चढवून मित्राला बोलायला सांगा, एकदा चष्म्यासह, एकदा चष्म्याशिवाय. चष्मा असताना त्याचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू आले, तर काडीपाशी गादी उचलली गेली आहे असे समजा. बारीक काडीचा चष्मा घ्या, नाहीतर आत बोळे घाला.