"ऊन काय आजचं आहे का?"

एप्रिल-मेमध्ये आम्ही वस्तीत ओआरएसची पाकिटे घेऊन फिरतो. हवामान बदलाचा विषय काढला की कुणीतरी म्हणतेच, "सिस्टर, हे सगळं थोतांड आहे." आम्ही रागावत नाही. ताप सगळ्यांना सारखाच दिसतो, पण कारणे वेगळी असतात. तसा हा नकारही चार तऱ्हेचा असतो.

पहिला नकार : तापमान वाढतच नाही, यंदा थंडी किती पडली! पण एकदा ताप मोजून पेशंटचा तक्ता भरत नाही. दीडशे वर्षांच्या नोंदी सांगतात की पृथ्वी 1 अंशाहून जास्त तापली आहे.

दुसरा : वाढते आहे, पण तो निसर्गाचा खेळ आहे. सूर्यामुळे वाढले असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते उलट थंड होत आहेत. ही कोळसा आणि तेल जाळून साचलेल्या कार्बन वायूची खूण आहे.

तिसरा : "आपल्याला उन्हाची सवय आहे." आम्हाला हाच सर्वात घातक वाटतो. सवयीलाही मर्यादा असते. पत्र्याखाली रात्रीही अंग निवत नाही, तेव्हा शरीर थकते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात उन्हात बसलेली 14 माणसे गेली. त्यांनाही ऊन नवीन नव्हते.

चौथा : खरे आहे, पण आपल्या हातात काय? 2010 च्या उन्हाळ्यात अहमदाबादेत शेकडो माणसे दगावली. 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला : आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. म्हणजे हातात पुष्कळ आहे.

शंका विचारणे चांगलेच. पण शंका पसरवून नफा कमावणारेही असतात. एक्झॉन या तेल कंपनीला तिच्याच शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाअखेर धोका सांगितला होता. तरी कंपनी पुढे कित्येक वर्षे लोकांत शंका पेरत राहिली. रोजगार बुडेल म्हणून घाबरणारी आपली शेजारीण आणि ती कंपनी, दोघांना एकच उत्तर देऊ नये. शेजारणीजवळ बसावे, तिचे ऐकावे.

आणि वॉर्ड ऑफिसात मिळून अर्ज द्यावा : नाक्यावर पाणी, सावली, पत्र्यांना पांढरा रंग. कुणी उन्हात बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले तर सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला, 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.