दोन सिलिंडर, दोन मालक

गाडी अर्धी विकत घेता येते का? येते. मी घेतलीय.

डावा सिलिंडर माझा, उजवा पार्टनरचा. पार्टनर म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, डब्यातली भाजी अदलाबदल करणारा आणि माझ्यासारखाच बाइकचा किडा चावलेला सज्जन. दोन वर्षांपूर्वी दोघांनी बोनसचे पैसे एकत्र केले आणि पुण्यातल्या एका वाड्याच्या बोळात धूळ खात पडलेली राजदूत ३५० बाहेर काढली. एकट्याला झेपली नसती. निम्मे-निम्मे पैसे ठरले, गाडीला सिलिंडरही नेमके दोन, त्यामुळे वाटणीचा प्रश्न तिथेच मिटला. निदान तसं वाटलं.

ज्यांचा जन्म १९९० नंतरचा आहे, त्यांच्यासाठी छोटासा फ्लॅशबॅक. जपानमध्ये यामाहानं १९७३ साली आरडी ३५० आणली. ३४७ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, ३९ हॉर्सपॉवर. एस्कॉर्ट्स कंपनी तीच गाडी १९८३पासून आपल्याकडे 'राजदूत ३५०' या नावानं बनवू लागली. पण आपल्याकडे अ‍ॅव्हरेज हा राष्ट्रीय प्रश्न! त्यामुळे इंजिनाचा गळा जरा आवळण्यात आला. 'हाय टॉर्क' मॉडेल ३०.५ हॉर्सपॉवरचं, 'लो टॉर्क' २७चं. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. मग १९८५ला हिरो होंडाची सीडी १०० अवतरली, लोक लिटरमागे किलोमीटर मोजू लागले आणि दशक संपता संपता राजदूत ३५० बंद पडली. ज्या उरल्या, त्या आज लाखांत विकल्या जातात.

आता गंमत बघा. या इंजिनाचा बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. यामाहाच्या टीझेड ३५० या खास शर्यतीच्या गाडीचं मापही तेच. म्हणजे घराणं पैलवानाचं, फक्त आपल्याकडे येऊन डाएटवर गेलेलं. मला ते डाएट मोडायचं होतं. पार्टनरला गाडी होती तशी, कंपनीच्या रंगात, मूळ स्टिकरसकट उभी करायची होती. चार महिने आमचं यावर एकमत होईना. गाडी गॅरेजात आणि भांडण कँटीनमध्ये.

त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. रेससाठी सिलिंडर कापला की कापला. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड वर नेली, की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खालचा दम जातो. आणि घासून काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. कॉम्प्युटरवर कंट्रोल-झेड असतं, लेथवर नसतं. शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. म्हणाला, "माझ्या सिलिंडरचं मी बोलेन, ते तू ऐकायचं." मी हसून 'हो' म्हटलं. त्या 'हो'ची किंमत पुढे कळली.

आमच्या मेकॅनिकना आम्ही उस्ताद म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, दोन सिलिंडर म्हणजे बैलजोडी. एक ओढतोय नि एक रेंगाळतोय, असं झालं की गाडी गेली खड्ड्यात." पुढचे आठ महिने आम्ही फक्त या एका वाक्याचं होमवर्क केलं.

पहिला धडा बोअरिंगचा. उघडल्यावर दिसलं, की पार्टनरचा उजवा सिलिंडर चरे पडून खराब झालाय आणि माझा डावा चकाचक आहे. मी म्हटलं, "मग उजवा बोअर करा, माझ्याला हात लावू नका." उस्तादांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी पदवी परत द्यावीशी वाटली. एका बाजूला ओव्हरसाइज पिस्टन आणि दुसऱ्या बाजूला स्टँडर्ड, म्हणजे वजनं वेगळी, सीसी वेगळे. या क्रँकवर एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली. दोघांनी एकमेकांना तोलायचं असतं. सबब माझा धडधाकट सिलिंडरही कापला गेला. अर्धा मिलिमीटर.

मग पोर्ट. सिलिंडरच्या आत कागद गुंडाळून बसवायचा, वरून बोट घासायचं, पोर्टच्या कडा कागदावर उमटतात. दोन्ही सिलिंडरचे दोन कागद टेबलावर शेजारी ठेवले, तर जुळ्या भावांचे चेहरे वेगळे! कारखान्यातून येतानाच थोडा फरक होता. कोरणी हातात घेऊन उस्तादांनी आधी ते नकाशे जुळवले, मग दोन्ही सारखे वाढवले. हेडची मापं घ्यायला औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली. प्लगच्या भोकातून मोजून तेल सोडायचं, कुठल्या बाजूला किती मावतं ते बघायचं. फरक निघाला दीड सीसी. तुम्ही म्हणाल, दीड सीसीनं काय होतं? कॉम्प्रेशन वेगळं होतं. एक बैल जास्त ओढतो.

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे लीक टेस्ट. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपच असतो, त्यामुळे कुठूनही बाहेरची हवा आत शिरली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला पकडतो. ते तपासायला इन्टेक आणि एक्झॉस्टला बुचं मारून आत हवा भरायची आणि दाब टिकतो का ते बघायचं. दाब हवा फार थोडा, जेमतेम सहा पौंड. आता एवढा अचूक पंप आणायचा कुठून? घरून बाबांचं ब्लडप्रेशरचं मशिन आणलं. काटा तीनशेवर नेला आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. डाव्या बाजूच्या क्रँक सीलपाशी बारीक बुडबुडे! पार्टनर केवढा खूश झाला. "तुझ्या बाजूचं बीपी लो आहे," म्हणाला. सील बदललं, काटा जागचा हलेना. (बाबांना अजून माहीत नाही. मशिनला टू-टीचा वास का येतो, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.)

सायलेन्सर गेले, दोन एक्सपान्शन चेंबर आले. हे चेंबर म्हणजे फुगलेले पाइप. त्यांच्या आकारामुळे धुराबरोबर निघालेली दाबाची लाट उलटी परतते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. लांबी चुकली, तर लाट चुकीच्या वेळी पोचते. पत्र्याचे तुकडे कापून, वळवून, वेल्ड करून दोन्ही एकाच मापाचे केले. हेडलाइट, साइड स्टँड, आरसे सगळं निघालं. पुढे डिस्क ब्रेक आला. ऑइलचा बोल्ट ढिला होऊन ट्रॅकवर तेल सांडू नये, म्हणून त्याला भोक पाडून तार बांधली. असली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. त्यामुळे ती जाणार ती टेम्पोतून.

शेवटचं काम, जेटिंग. चाकणजवळ एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारात रविवारी दुपारी गेलो. फुल थ्रॉटल, मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढून रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, धोका. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की जमलं. माझा प्लग बिस्किट. पार्टनरचा प्लग? बिस्किटच, पण जरा फिकट.

"उजवा पांढरा वाटतोय," तो म्हणाला.

"उन्हानं तसं दिसतंय."

"परत एकदा बघू या का?"

मला सोमवारी सकाळी रिलीज होतं. टेम्पोवाला गुरुवारी येणार होता. मी म्हटलं, "अरे, दोन्ही मिळून अ‍ॅव्हरेज मस्त आहे. चल."

अ‍ॅव्हरेज! हा शब्द मी वापरला. शुद्धीत.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणून अनेक वर्षं ओळखला जायचा, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. एका फेरीला ३.७ किलोमीटर. शनिवारी सकाळी सरावाचं पहिलं सत्र. चिठ्ठी टाकून पार्टनरचा नंबर आला. तो निघाला तेव्हा तो आवाज! चेंबरमधून दोन सिलिंडर एका सुरात किंचाळत होते. शेजारच्या पिटमधले लोक मान वळवून बघत होते. मी मोबाइलवर शूट करत होतो.

तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर आवाज तुटला. चिरर्र करून एकदम शांतता. मागचं चाक लॉक झाल्याची काळी रेघ रस्त्यावर उमटली, गाडी डावी-उजवी हलली आणि मग सरळ झाली. टू-स्ट्रोकची गाडी पळवणारे क्लचवर कायम दोन बोटं ठेवतात ती याचसाठी. इंजिनानं पकडलं की क्लच दाबायला मिळतो तो एक क्षण. पार्टनरला तो मिळाला. मोबाइलचा व्हिडिओ चालूच होता. त्यात शेवटी फक्त माझे बूट आणि पळण्याचा आवाज आहे. तो मी अजून डिलीट केलेला नाही.

तो गाडी ढकलत आला. हेल्मेट काढलं. हात थरथरत होते. म्हणाला, "उजवा."

एवढंच. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हेड उघडलं. उजव्या पिस्टनवर ओरखडे, सिलिंडरच्या भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमचा थर. कारणं दोन सापडली. पहिलं कारण, पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हा ट्रॅक जवळपास समुद्रसपाटीवर. तापमान सारखं धरलं, तरी इथली हवा सुमारे सहा टक्के दाट. त्यात आम्ही ट्यून केलं भर दुपारी, पळवली सकाळी गारव्यात. हवा वाढली, जेटचं भोक तेवढंच, मिश्रण पातळ. हे दोन्ही सिलिंडरना लागू होतं. पण पकडलं उजव्यानंच, कारण त्या कार्ब्युरेटरमागच्या रबरी जोडाला केसाएवढी चीर होती. लीक टेस्टच्या वेळी आम्ही बूच रबराच्या आतल्या बाजूला मारलं होतं, म्हणजे रबर तपासलंच गेलं नव्हतं. उजवा आधीच कमी पेट्रोलवर दिवस काढत होता. त्यानं प्लगचा रंग पालटून सांगितलंही होतं. पण माझा डावा मजेत होता ना!

उस्तादांना फोन लावला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, दोन सिलिंडरचा हिशेब अ‍ॅव्हरेजनं करत नाहीत. जो उपाशी आहे, त्याच्या पोटाचा अंदाज घेऊन दोघांना वाढायचं."

ती रात्र पिटमध्ये गेली. सिलिंडर पॉलिश पेपरनं हलक्या हातानं साफ केला, पिस्टनवरचे ओरखडे घासले, नवी रिंग टाकली. शेजारच्या टीमनं रबरी जोड दिला, पैसे घेतले नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन नंबर मोठे जेट बसवले. माझ्या डाव्यालाही, त्याची तक्रार नसताना. सकाळी प्लग काढले. डावा किंचित काळपट, उजवा बिस्किट.

"तुझी थोडी ताकद गेली," पार्टनर म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं.

रविवारी रेस मी चालवली. त्यानंच सांगितलं, "आज तू जा." अकरा जणांत आठवा आलो. संपूर्ण रेसमध्ये माझी दोन बोटं क्लचवर होती आणि कान उजव्या बाजूला.

तुमच्यापैकी कुणाला जुनी ट्विन उभी करायची खाज असेल, तर फुकटचे तीन सल्ले. लीक टेस्ट इंजिन पूर्ण जोडल्यावर, रबरासकट करा. जिथे पळवायची तिथल्या हवेत, त्या वेळेला जेटिंग करा. आणि शेजारचा म्हणाला की त्याच्या बाजूला काहीतरी फिकट दिसतंय, तर रिलीज गेला खड्ड्यात, प्लग परत काढून बघा.

गाडी आता परत गॅरेजात आहे. कार्बनं काळे पडलेले ते दोन कागदी नकाशे आमच्या दोघांच्या डेस्कवर लावलेत. माझ्याकडे उजव्याचा, त्याच्याकडे डाव्याचा.