कानाचें शिक्षण

आमची भाची धाराशिवास परिचारिका आहे. ती उर्दू पुस्तकावरून शिकली. परंतु म्हातारी रोगीण दुखणें सांगूं लागली, कीं हिला बोध होईना. १९४८ पर्यंत निजामी अमदानींत तिकडे कचेरीची भाषा उर्दू होती. मुसलमान घरांतून मात्र दखनी बोलत, अजूनही बोलतात. पुस्तकांतील 'कलम' दखनींत 'खलम' होतो. 'कब्ज', म्हणजे बद्धकोष्ठ, तें 'खब्ज'! डोळ्यांनीं शिकलेला शब्द कानाला परका. (उलट 'नक्को' हा आपलाच 'नको'.) आम्हीं सुचविलें, पुस्तक मिटून दोनच वाक्यें ऐकावीं, ऐकूं येतील तशीं देवनागरींत उतरावीं, मग बोलणाऱ्या बाईंकडूनच तपासून घ्यावीं; चुकलें तेवढेंच पुन्हां ऐकावें. एक वही भरली. परवां एका आजीबाईंनीं 'खब्ज' म्हटलें, तेव्हां भाचीला पुन्हां विचारावें लागलें नाहीं.