ऊस गोड, पण मुळासकट नको



मागच्या आठवड्यात माढा तालुक्यातल्या एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. फेरी आटोपून एका वस्तीवर चहाला थांबलो. घरधनी अण्णांचा पाच एकर ऊस आहे. कपबशी हाती देत ते म्हणाले, "साहेब, तुरीच्या तीन एकरांतही आता ऊसच लावावा म्हणतो. उसाचं इथेनॉल पेट्रोलात घालतात. हवा शुद्ध राहावी म्हणून सरकारनंच मनावर घेतलंय. आता उसाला मरण नाही."

चुलीपाशी बसलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि विहिरीला? एप्रिलात मोटर तासभर चालत नाही."

अण्णा गप्प झाले. हा प्रश्न आज पुष्कळ घरांत असणार, म्हणून त्यावरच चार गोष्टी बोलू.

इथेनॉलमुळे पेट्रोलचा धूर थोडा निवळतो, हे खरे. पण सरकारने ही योजना तेवढ्यासाठीच धरली, असे समजू नये. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्याचे मोल परकीय चलनात मोजावे लागते. हे पहिले कारण. दुसरे कारण साखरेचे. 2017-18 आणि 2018-19 या हंगामांत देशात 320 लाख टनांहून अधिक साखर झाली. खप होता 250 ते 260 लाख टन. गोदामे भरली, भाव पडले, उसाची बिले थकली. थकलेल्या बिलांचा राग मतपेटीत उतरतो, हे पुढाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. 2018 च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली, ती याच सुमारास. 2003 साली काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाने सुरू झालेले काम 2025 साली 20 टक्क्यांवर गेले.

यात वाईट काही नाही. आपण गोबर गॅस बसवला तो घरातल्या बाईच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून, आणि अनुदान मिळाले म्हणूनही. एका कामाला दोन हेतू असू शकतात. मात्र ज्या कामात पैशाचा हेतू मोठा, ते काम पैशाचे गणित बदलले की बदलते. शेतकऱ्याने हे ओळखून असावे.

ब्राझीलचे उदाहरण पाहा. 1973 साली तेल भडकले आणि पुढे साखरेचे जागतिक भाव कोसळले. तेव्हा तिथल्या लष्करी सरकारने 1975 साली उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दहा वर्षांत तिथे विकल्या जाणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखर महागली आणि उसाचा ओघ साखरेकडे वळला. 1989-90 साली मोटारवाल्यांना पंपावर अल्कोहोल मिळेना.

आपल्याकडे काय झाले, ते तर कालपरवाचेच. 2023 साली पावसाने ओढ दिली. साखर कमी पडेल अशी भीती होती, आणि लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. 7 डिसेंबर 2023 रोजी हुकूम निघाला : उसाच्या रसापासून इथेनॉल करू नये. आठवड्याभरात तो थोडा सैल करून 17 लाख टन साखरेपुरती मुभा दिली. पूर्ण बंधन उठले ते पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट 2024 मध्ये. हवा तीच होती, धूरही तोच होता. बदलला होता तो साखरेचा हिशेब. कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांनी काय करावे?

भावाचेही तसेच. रसाच्या इथेनॉलचा दर 2022-23 साली लिटरला 65 रुपये 61 पैसे होता. 2024-25 सालीही तोच राहिला. त्याच काळात उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3050 रुपयांवरून 3400 रुपयांवर गेली. कारखान्याने साखर करो वा इथेनॉल, एफआरपी चौदा दिवसांत देणे त्याला बंधनकारक आहे. पण कारखान्याचाच हात आखडला, तर बिल लांबते, हा अनुभव आपणांस नवा नाही.

आणि आता वहिनींचा प्रश्न. निती आयोगाच्या 2021 सालच्या अहवालात म्हटले आहे की, साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2860 लिटर पाणी लागते. मुंबई-पुण्यातल्या मोटारीचा धूर कमी होईल, पण त्याचे पाणी माढ्याच्या विहिरीतून जाईल. त्या पाण्याचे बिल कोणी देत नाही.

मी अण्णांना म्हटले, "इथेनॉलचा दर आणि परवानगी वर्षावर्षाला ठरते. तुमचा आडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा राहतो, वर खोडवा. लावताना जे धोरण असेल, ते तोडताना असेलच असे नाही. तूर राहू द्या. आधी आहे त्या पाच एकरांना ठिबक करा. मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत दर पंधरवड्याला विहिरीचे पाणी दोरीने मोजून भिंतीवर लिहा. दोन उन्हाळे पाणी पुरले, तर एक एकर वाढवा. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत उठून विचारा, इथेनॉलच्या मिळकतीतून सभासदाला टनामागे किती दिले?"

अण्णांनी मान हलवली खरी, पण पटले की नाही, कळले नाही. वहिनींनी मात्र पोराला हाक मारून दोरी आणायला सांगितली.

दोरीला गाठी कशा माराव्यात आणि पाण्याचा हिशेब कसा मांडावा, ते पुढील अंकी पाहू.