वेळ कुणाचा वाचला?

विमानानं वेळ वाचतो, हे वाक्य आपल्या समाजात आता मंत्रासारखं म्हटलं जातं. लग्न असो, शिखरजीची यात्रा असो की नुसतं साखरपुड्याचं जेवण, आधी विमानाचं तिकीट पाहायचं. वेळ वाचतो ना! मला एवढंच विचारायचं आहे, की वाचलेला हा वेळ कुणाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

आधी साधा हिशेब मांडू. नागपूर-दिल्ली विमान पावणेदोन तासांचं. पण पांढुर्ण्याहून सोनेगावला पोचायला, रस्त्याचा भरवसा नाही म्हणून, अडीच तास धरावे लागतात. विमानाच्या दोन तास आधी हजर राहायचं. दिल्लीत उतरून सामान घेऊन घर गाठायला आणखी दीड तास. झाले पावणेआठ. रेल्वेला सोळा-सतरा तास लागतात, हे खरं. पण त्यातले आठ तास आपण झोपलेलो असतो, आणि गाडीत आपल्या गावीच चढतो. जागेपणीचे तास मोजले तर फरक तासाभराचा उरतो. त्या तासाभरासाठी एवढा तोरा!

आता घरातल्या बाईचा वेळ बघा. पूर्वी भाचीच्या लग्नाला मामा-मामी आठ दिवस आधी यायचे. मामी गहू निवडायची, पापड लाटायची, चार कामं उचलायची. आता पाहुणे सकाळच्या विमानानं येतात आणि रात्रीच्या विमानानं जातात. विमान लेट झालं की सूर्यास्त टळतो, चौविहाराची ताटं तशीच राहतात, आणि ज्यांना रात्री चालतं त्यांच्यासाठी चूल पुन्हा पेटते. ती पेटवतं कोण? पाहुण्यांचे चार तास वाचले, ते यजमानीणबाईच्या अंगावरून गेले. मुलगा बंगलोरहून दोन दिवसांसाठी येतो, त्यातला एक दिवस बॅग भरण्यात आणि वेब चेक-इनमध्ये जातो. वेळ वाचवून त्यानं काय केलं? आणखी एक मीटिंग केली. आईच्या वाट्याला काही आलं नाही.

पैशाचीही गोष्ट तीच. २०१७ पासून ‘उडान’ योजनेची विमानं सुरू झाली. काही जागांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलं. कंपनीचा तोटा भरून द्यायला निधी उभा केला, त्यात राज्य सरकारांचाही वाटा. आणि रेल्वेत काय झालं? अठ्ठावन्न वर्षांवरच्या बाईला तिकिटात निम्मी सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती काढली, ती आजवर परत आली नाही. म्हणजे सुटाबुटातल्या माणसाला आकाशात सवलत आणि लुगड्यातल्या आजीला रुळावर पूर्ण भाडं. सौंसरची छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि मोठी होईपर्यंत लोकांनी कित्येक वर्षं बसचे धक्के खाल्ले. त्यांच्या वेळाचा हिशेब कुणी ठेवला? ‘आम नागरिक’ म्हणायचं, आणि मोजायचं फक्त उडणाऱ्याला.

जगाचा हिशेबही वेगळा नाही. २०१८ साली जगातली साधारण ११ टक्केच माणसं विमानात बसली, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला फक्त एक टक्का माणसं जबाबदार होती. बाकीच्यांनी विमान बघितलं ते मान वर करून.

धूर दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. भरलेल्या विमानात माणशी शंभर किलोमीटरला साधारण तीन लिटर इंधन जळतं. नागपूर-दिल्ली म्हणजे माणशी पंचवीस लिटर, जाऊन-येऊन पन्नास. आपल्याकडच्या एखाद्या लग्नात दोनशे पाहुणे तेवढ्याच अंतरावरच्या राजवाड्यात उडवून नेले, तर दहा हजार लिटर. एका लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका लग्नाचा पंचवीस टन. त्याच लग्नात पाणी गाळून देतात आणि ताटात कांदा-बटाटा येऊ देत नाहीत! आणि इकडे संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची फळगळ झाली, ऐन थंडीत गारा पडल्या, की कास्तकार म्हणतो, ऋतूच बिघडला. एका लग्नानं गारा पडत नाहीत. पण बिघडणाऱ्या ऋतूत ज्याचा हात सगळ्यांत कमी, त्याचीच बाग आधी जाते.

१९७० साली मुनी चित्रभानू विमानानं जिनिव्हाला गेले, तेव्हा समाजात केवढा गदारोळ झाला! साधूनं वाहनात बसावं का, यावर वाद. श्रावकानं किती उडावं, हे मात्र कुणी विचारलं नाही. वास्तविक ते आपल्या बारा व्रतांतच आहे. दिग्व्रतात दहा दिशांची मर्यादा घालायची असते आणि त्या दहांत वरची दिशाही येते. घातलेली मर्यादा विसरून जाणं हाही त्या व्रताचा दोष सांगितला आहे. आपण तर मर्यादा घालायचीच विसरलो.

यावर बायका म्हणतात, “अवो बाई, आपण नाही बसलो तं विमान का थांबते?” नाही थांबत. पण कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधतं, हे पर्युषणात आपणच ऐकतो. तिकीट काढणारा करतो, राजवाडा ठरवणारा करवतो आणि “काय थाट होता!” म्हणून फोटो पुढे पाठवणाऱ्या आपण अनुमोदना देतो.

मी विमानाची वैरीण नाही. १९४९ मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरातच रात्रीच्या टपालाची विमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री तिथं जमायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परतायची. जन्मात विमानात न बसलेल्या बाईचं साधं पाकीटही त्यातून जायचं. वेळ वाचला तो सगळ्यांचा. मध्य प्रदेशात २०२४ पासून एअर अँब्युलन्स आहे, आयुष्मान कार्डवाल्याला ती फुकट मिळते. ते विमान हवंच. आजारपण, मरण, लेकीची परीक्षा किंवा नोकरी, यासाठी जरूर उडा. सत्तरीच्या आजीनं हौसेनं एकदा बसावं, तिला कुणी हिशेब विचारू नये.

पण थाटासाठी नको. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता मागण्यांच्या याद्या निघतील आणि कुणीतरी हवाईपट्टीही मागेल. महिला मंडळांनी त्याआधी आपली यादी द्यावी: गाड्यांना थांबे, आजीची सवलत परत, नागपूरला वेळेवर पोचवणारी सकाळची गाडी. आणि घरात देशव्रत घ्यावं, एका वर्षापुरतं: लग्नासाठी, साखरपुड्यासाठी, फोटोंसाठी आमच्या घरातलं कुणी उडणार नाही. पत्रिका छापायला जाण्याआधी हे ठरवा. राजवाड्याचा विसार दिल्यावर मग व्रत आठवून उपयोग नाही.