निवृत्त खेळाडू आणि मराठी समालोचन

खेळाडूची निवृत्ती फार लवकर येते. शिक्षक किंवा कारकून ज्या वयात आपल्या कामात मुरतो, त्या वयात टेनिसपटूला रॅकेट खाली ठेवावी लागते. अंगातील चपळाई सरते. पण मैदानावर वर्षानुवर्षे मिळवलेले ज्ञान सरत नाही. त्या ज्ञानाचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न केवळ खेळाडूच्या चरितार्थाचा नाही, तो समाजाच्या शिक्षणाचाही आहे.

विजय अमृतराज यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. 1973 साली ते विंबल्डन आणि अमेरिकन या दोन्ही स्पर्धांच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. 1979 साली विंबल्डनमध्ये त्यांनी बोर्गविरुद्ध तीन सेटनंतर आघाडी घेतली होती. सामना मात्र निसटला. भारत 1974 आणि 1987 साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला, त्या दोन्ही संघांत ते होते. खेळ थांबल्यावर ते दूरचित्रवाणीवरील समालोचनाकडे वळले. 2024 साली आंतरराष्ट्रीय टेनिसच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांना स्थान मिळाले, तेही या खेळाला दिलेल्या योगदानाबद्दल. त्यांच्या दुसऱ्या डावाचीच ही पावती होय.

टेनिसचे समालोचन दिसते तितके सोपे नाही. चेंडू खेळात असताना गप्प राहावे लागते. बोलायचे ते दोन गुणांच्या मधल्या पंचवीस सेकंदांत. तेवढ्या वेळात फटका कसा बसला हे सांगून भागत नाही, तोच फटका का निवडला हे सांगावे लागते. ते ‘का’ खेळलेल्या माणसालाच नेमके उमजते.

परंतु हे ज्ञान मराठी श्रोत्यापर्यंत त्याच्या भाषेत किती पोहोचते? रणजी सामने खेळलेल्या बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत बोलते केले आणि मैदान कधीही न पाहिलेल्या घरांत ते नेऊन पोहोचवले. 2023 साली आयपीएलच्या मराठी समालोचनासाठी केदार जाधव यांच्यासारखे खेळाडू ध्वनिक्षेपकापुढे आले. टेनिसच्या वाट्याला हे भाग्य अद्याप आलेले नाही. 2018 साली एटीपीची स्पर्धा चेन्नईहून पुण्याच्या बालेवाडीत आली. परंतु तेथून अवघ्या काही तासांच्या अंतरावरील मंचरच्या विद्यार्थ्याला टेनिस समजून घ्यायचे, तर आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो.

मराठीत टेनिसचा श्रोता थोडा, असा आक्षेप घेतला जाईल. पण जो खेळ आपल्या भाषेत कोणी उलगडून सांगितलाच नाही, त्याला श्रोता मिळणार कोठून? शब्दांची उणीवही नाही. ‘बिनतोड सर्व्हिस’, ‘परतीचा फटका’, ‘सर्व्हिस भेदणे’, ‘मानांकन’ हे शब्द वृत्तपत्रांनी केव्हाच रुळवले आहेत. ते उच्चारणारा जाणता आवाज तेवढा हवा आहे.

तो आपोआप निर्माण होणार नाही. उत्तम खेळाडू हा उत्तम वक्ता असतोच असे नाही. म्हणून प्रसारण संस्थांनी निवृत्त टेनिसपटूंना मराठीत बोलण्याची संधी आणि प्रशिक्षण दिले पाहिजे. खेळाडूंनीही सर्व्हिसचा सराव केला तसा भाषेचा सराव केला पाहिजे. मंचरच्या एखाद्या शाळेतील मुलाला सामना पाहताना ‘का’चे उत्तर मराठीत मिळाले, तर रॅकेट हाती घेण्याची इच्छा त्याला तेथेच होऊ शकेल.