आधी यादी, मग वाटप

डब्लिनमध्ये २००५ साली सुरू झालेली ‘कामारा एज्युकेशन’ ही संस्था देणगीत आलेले जुने संगणक दुरुस्त करून आफ्रिकेतल्या आणि आयर्लंडमधल्या शाळांपर्यंत पोहोचवते. अशा कामात दुरुस्तीइतकाच वेळ जातो तो यादी करण्यात. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क धड आहे का, हे हाताने लिहीत बसलं तर स्वयंसेवकांचा दिवस संपतो. अनुक्रमांकातला एक आकडा चुकला तरी पुढचा सगळा हिशेब बिघडतो. ही नोंद संगणकालाच करू द्यावी. नेटवर्कवरून सुरू होण्याची सेटिंग त्यात लावून आणि नेटवर्कच्या केबलला जोडून तो चालू केला की सर्व्हरवरून छोटं लिनक्स उतरवून घेतो. मग ‘डीएमआयडीकोड’ हा प्रोग्रॅम मॉडेल आणि अनुक्रमांक वाचतो, ‘एलएसएचडब्ल्यू’ सुट्या भागांची माहिती काढतो, ‘स्मार्टसीटीएल’ डिस्कची तब्येत सांगतो आणि छोट्या स्क्रिप्टने सारं थेट डेटाबेसमध्ये पाठवता येतं. डिस्क पुसल्याची नोंदही त्याच अनुक्रमांकापुढे ठेवता येते, म्हणून देणाऱ्याला आपल्या माहितीची धास्ती उरत नाही. हे तिन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक कार्यालयांतून बाहेर पडतील. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी ते मागून घ्यावेत आणि पहिल्या दिवसापासून अशी चोख यादी ठेवावी. कोणत्या शाळेला नेमकं काय देता येईल, हे ठाऊक असेल तरच दिलेला संगणक मुलांच्या उपयोगी पडतो.